लेटरहेडवर सही करण्याआधी

वाचकाचं पत्र

ताई, मी कुपवाड एमआयडीसीत सासऱ्यांबरोबर (मी त्यांना मामा म्हणते) टेक्स्टाइल ऑक्झिलरीचा, म्हणजे कापड धुण्या-रंगवण्याला लागणाऱ्या मदतनीस रसायनांचा, छोटा कारखाना बघते. कोल्हापूरला ऑरगॅनिकमध्ये एम.एस्सी. केलंय. मामा आधी इचलकरंजीत डाइंग मास्टर होते, २००३ मध्ये त्यांनी स्वतःचं सुरू केलं. आमचा मुख्य माल म्हणजे एनपी नाइनवर (नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट) बेतलेला वेटिंग-कम-स्कोअरिंग एजंट, म्हणजे कापड ओलं करून त्यातलं तेल-मेण काढणारा माल. निम्मी विक्री त्याचीच. आता इचलकरंजीतल्या दोन प्रोसेसवाल्यांनी, ज्यांचं कापड परदेशी जातं, मालात एनपी नसल्याचं पत्र आणि लॅबचा रिपोर्ट मागितलाय. मामा म्हणतात, लेटरहेडवर पत्र देऊन टाकू, सगळेच देतात. एक कन्सल्टंट म्हणतो, ६० लाखांचं कर्ज काढा, इथॉक्सिलेशनचा स्वतःचा रिॲक्टर टाका, वनस्पतीजन्य माल बनवा, ग्रीन सर्टिफिकेट मी मिळवून देतो. मला हे काम स्वच्छ करायचंय, पण घर गहाण टाकून नाही. मामांशी रोज वाद होतो, अगदी जेवतानासुद्धा. काय करू?

कुपवाडची एक सून

उत्तर

ताई म्हणालीस, म्हणून मीही तूच म्हणते. तुझं पत्र आलं त्या दिवशी दोनदा वाचलं. माझी उमेद प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये गेली. शेड मॅच करायचे, कापडाचे तुकडे धुऊन बघायचे, तुझ्या मामांसारख्या मास्टरांशी हुज्जत घालायची. त्यामुळे तुमच्या मालासारखा कॅन, त्यातला तो चिकट पिवळसर द्रव आणि त्याचा वास मला अजून आठवतो.

दोन गोष्टी आधीच सांगते. ते पत्र देऊ नका. आणि तो रिॲक्टर टाकू नका.

रिॲक्टरचं लवकर उरकते, कारण त्यात शंकेला जागा नाही. इथॉक्सिलेशन म्हणजे इथिलीन ऑक्साइडशी खेळणं. हा वायू १०.७ अंशालाच उकळतो, म्हणजे आपल्या सांगलीच्या हवेत तो द्रवरूपात राहतच नाही, त्याला दाबाखाली ठेवावं लागतं. सहज पेटतो. हवा नसली तरी त्याचं स्फोटक विघटन होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसांत कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. मोठ्या कंपन्या हे काम नायट्रोजनखाली करतात, त्यासाठी खास शिकवलेली माणसं ठेवतात. शेजारी दुसऱ्याचा शेड, मागे कामगारांच्या खोल्या, अशा प्लॉटवर ६० लाखांत हे बसवून देतो म्हणणारा माणूस सुरक्षिततेचा खर्च कुठून काढणार? या आकड्याचीच मला भीती वाटते. त्याला नमस्कार करून परत पाठव.

आणि तुम्हाला रिॲक्टर लागतोच कुठे? तुमचा कारखाना ब्लेंडिंगचा आहे. तुम्ही सर्फॅक्टंट (ओलं करणारं, मळ काढणारं मूळ रसायन) विकत आणता, पाण्यात मिसळता, थोडं सॉल्व्हंट, थोडं डिफोमर (फेस मारणारं) घालता आणि कॅन भरता. यात कमीपणा मानू नकोस. आपल्याकडचे बरेचसे छोटे ऑक्झिलरीवाले हेच करतात आणि खरं कौशल्य त्या मिश्रणातच असतं. नवा रेणू शोधायचं काम तुझं नाही. असलेल्या रेणूंतून इचलकरंजीच्या पाण्यात, तिथल्या कॉस्टिक सोड्यामध्ये आणि तिथल्या सायझिंगच्या (सुताला खळ लावलेल्या) कापडावर चालेल असा माल बसवणं हे तुझं काम.

आता एनपीकडे वळू. एनपी नाइनचा रेणू दोन भागांचा. शेपटीला नॉनिलफिनॉल, डोक्याला इथिलीन ऑक्साइडच्या नऊएक कड्यांची साखळी. तुला हे माहीत आहे, पण मामांसाठी लिहिते. सांडपाण्यात गेल्यावर जिवाणू ती साखळी एकेक कडी करत खातात आणि शेवटी नॉनिलफिनॉल उरतं. ते त्यांना सहजी पचत नाही. गाळात साठतं, आणि माशांच्या शरीरात स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. मूळ मालापेक्षा त्याचा अवशेषच जास्त वाईट, हा या रसायनाचा खरा दोष. युरोपनं २००५ पासून कापड प्रक्रियेत त्याच्यावर निर्बंध आणले. पण तिथल्या गिरण्यांत बंद होऊनही ते तिथल्या नद्यांत सापडतच राहिलं, कारण आपल्यासारख्यांकडून गेलेल्या कपड्यांतून ते तिथल्या घरांत धुऊन निघत होतं. म्हणून ३ फेब्रुवारी २०२१ पासून धुण्याजोग्या कापडावरच मर्यादा आली: वजनाच्या ०.०१ टक्का, म्हणजे किलोला १०० मिलिग्रॅम. तुझ्या दोन गिऱ्हाइकांच्या मागणीचं मूळ इथं आहे. त्यांनाही कुणीतरी वरून विचारलंय.

आणि इकडे आपल्या बाजूला? इचलकरंजीचं पाणी पंचगंगेत जातं आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. आपण सगळे वाडीला जातो, संगमावर उतरतो, ओंजळीत पाणी घेतो. मामाही जात असतील. त्यांना युरोपचा कायदा सांगू नकोस, संगमाचं सांग.

पत्राकडे येते. कापडाचा तुकडा मिथेनॉलमध्ये काढून तपासतात आणि त्यात एनपी असेल तर ते सापडतं. सापडलं की प्रोसेसवाल्याची रेसिपी बघतात, रेसिपीत तुमच्या मालाचं नाव आणि फाइलमध्ये तुमचं पत्र. तिथून पुढं काय होतं ते मी पाहिलंय. नव्वदच्या दशकात ॲझो रंगांचा प्रश्न आला होता. काही ॲझो रंग फुटून त्यातून कर्करोगकारक अमाइन निघतात म्हणून जर्मनीनं १९९४ मध्ये त्यांच्यावर बंदी आणली, आणि भारतानंही १९९७ पर्यंत एकूण ११२ रंग बंद केले. मी ज्या लॅबमध्ये होते तिथं एका रंगवाल्यानं 'आमच्या मालात बंदी असलेलं काही नाही' असं पत्र दिलं होतं. ते खोटं निघालं आणि अख्खा लॉट परत आला. त्या कापडाचा शेड मी पास केला होता. मालकांच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. रंगवाल्याचं काय झालं असेल ते तू समजू शकतेस. त्यानंतर त्याच्याकडून कुणी एक डबाही घेतला नाही.

मामा तेव्हा डाइंग मास्टर असतील तर हे दिवस त्यांनी जवळून पाहिलेत. जेवताना वाद घालण्यापेक्षा एकदा त्यांना विचार, 'मामा, ॲझोच्या वेळी तुमच्याकडे काय झालं होतं?' आणि मग गप्प बसून ऐक. मला वाटतं, तुला हवं ते उत्तर तेच देतील. 'सगळेच देतात' हे वाक्य बहुतेक वेळा भीतीतून येतं. निम्मी विक्री एका मालावर असलेला माणूस घाबरणारच, त्याला लबाड समजू नकोस.

आता करायचं काय.

पर्याय बाजारात आहेत. फॅटी अल्कोहोल इथॉक्सिलेट, सी१२-१४, ७ मोलचा (डोक्याच्या साखळीत सातएक कड्यांचा) माल, हा सरळ पर्याय. कॉटनवर झटकन ओलं करायला ट्रायडेसिल अल्कोहोलचा माल चांगला चालतो. यांच्या साखळ्या सरळ किंवा थोड्या फांद्यांच्या असतात, जिवाणूंना त्या पचतात. अल्किल पॉलिग्लुकोसाइड म्हणजे साखर आणि फॅटी अल्कोहोल जोडून केलेला माल. तो कॉस्टिकमध्ये टिकतो, पण महाग पडतो, म्हणून मुख्य न करता जोडीला थोडा वापरून बघ.

बदली करताना फसायच्या जागा सांगते. पहिली, क्लाउड पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला द्रावण गढूळ होतं ते. एनपी नाइनचा साध्या पाण्यात साधारण ५४ अंश. कॉस्टिक आणि मीठ घातलं की तो खाली येतो, म्हणून नव्या मालाचा क्लाउड पॉइंट साध्या पाण्यात न मोजता गिऱ्हाइकाच्या स्कोअरिंग लिकरमध्ये (धुण्याच्या द्रावणात) मोज. दुसरी, जेल. अल्कोहोल इथॉक्सिलेट ठरावीक प्रमाणात पाण्यात गेला की घट्ट जेलीसारखा होतो आणि स्टिररच अडकतो. सर्फॅक्टंट थोडं कोमट करून पाण्यात हळूहळू सोड, आणि आधी बीकरमध्ये दर दहा टक्क्यांना कुठं घट्ट होतंय ते वहीत लिहून ठेव. तिसरी, फेस. सॉफ्ट-फ्लो मशिनवाल्यांना (जिथं कापड द्रावणाच्या प्रवाहाबरोबर फिरतं) जास्त फेस चालत नाही, जिगरवाल्यांचं (जिथं कापड रोलरवरून द्रावणात ये-जा करतं) भागतं. दोघांना एकच माल देऊ नकोस.

चौथी जागा लोक विसरतात ती म्हणजे तुमचं स्वतःचं भांडं. १००० किलोच्या बॅचमध्ये जुना माल १ किलो राहिला तर तो ०.१ टक्का झाला. तेवढ्यात रिपोर्ट बिघडतो. नव्या मालासाठी वेगळं भांडं, वेगळा पंप, वेगळे पाइप ठेवा. जमणार नसेल तर जुना माल पूर्ण बंद करून, सगळं धुऊन मगच नवा सुरू करा. भंगारातले जुने कॅन आणून त्यात भरायची सवय असेल तर ती आजपासून बंद. आणि ते धुतलेलं पाणी गटारात सोडायचं नाही, ड्रममध्ये साठवून रीतसर विल्हेवाट लावायची.

प्रत्येक बॅचचं अर्धा लिटर सँपल सील करून, तारीख घालून किमान वर्षभर ठेव. कारण असं: एनपी तुमच्याच मालातून येतं असं नाही. सूतगिरणीतल्या तेलातून येतं, सायझिंगच्या मिश्रणातूनही येतं. उद्या कापडात सापडलं तर तुझ्या कपाटातलं ते सँपलच तुझ्या बाजूनं बोलेल.

मामांचं पुढचं वाक्य मला इथं बसून ऐकू येतंय: 'नवा माल महाग पडतो, पार्टी घेणार नाही.' किलोच्या भावानं बघितलं तर बरोबर आहे त्यांचं. पण प्रोसेसवाला किलो वापरत नाही, तो लिटरला ग्रॅम वापरतो. समजा जुना माल ९० रुपये किलो आणि लिटरला २ ग्रॅम लागतो, तर लिटरला १८ पैसे. नवा १२० रुपये किलो, पण दीड ग्रॅमात काम झालं, तर तेही १८ पैसे. दीड ग्रॅमात होतं की नाही हे टेबलावर ठरणार नाही, जिगरवर ठरेल. स्कोअरिंग झालेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका आणि शोषला जायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. हे काम मामांना द्या. तीस वर्षं कापड हाताळलेल्या माणसाच्या बोटांना जे कळतं ते तुझ्या एम.एस्सी.च्या पुस्तकात नव्हतं. त्यांनी स्वतः ट्रायल घेतली की तो माल 'सुनेचा' राहणार नाही, त्यांचा होईल.

आणखी एक हिशेब सांगते, जो मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो. रॉजर शेल्डन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९९२ मध्ये एक साधा प्रश्न विचारला: एक किलो माल करताना कचरा किती किलो होतो? तेल शुद्धीकरणात तो नगण्य असतो, मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या रसायनांत एक किलोहून कमीपासून पाच किलोपर्यंत, आणि आपल्या जातीच्या बारीक, विशेष कामाच्या रसायनांत पाचपासून पन्नास किलोपर्यंत जातो. आता तू म्हणशील, आमच्या ब्लेंडिंगमध्ये कचरा कुठं होतो? होत नाही, खरंय. तुमच्या मालाचा कचरा तुमच्या शेडमध्ये होतच नाही. तो गिऱ्हाइकाच्या नाल्यात होतो. म्हणून तुमचं मोजमापही तिथं जाऊन करायला हवं. नवा माल वापरल्यावर एक धुणं कमी झालं का? स्टीम कमी लागली का? ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये) येणाऱ्या पाण्याचा सीओडी, म्हणजे त्यातल्या घाणीला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, उतरला का? नदीत सोडायच्या पाण्याला सीओडी २५० आणि बीओडी (जिवाणूंना ती घाण खायला लागणारा ऑक्सिजन) ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा आहे, आणि ती गाठताना प्रोसेसवाल्याचा जीव जातो. 'आमचा माल ग्रीन आहे' हे ऐकून तो जांभई देईल. 'या मालानं तुमच्या ईटीपीचा भार एवढा कमी झाला, हा तुमच्याच लॅबचा आकडा' म्हणालीस तर खुर्ची पुढं ओढून बसेल.

तुमच्या कॅनमध्ये पाणी किती असतं? २५ टक्के सॉलिडचा माल म्हणजे पाऊण कॅन पाणी. कुपवाडचं पाणी टेम्पोत घालून इचलकरंजीला नेताय आणि डिझेल जाळताय. मोठ्या गिऱ्हाइकाला ७० टक्क्यांचा माल द्या आणि पातळ कसा करायचा ते एकदा उभं राहून शिकवा. त्यात जेलची काळजी आहे, ती वर सांगितली. कॅन कमी लागतील, फेऱ्या कमी होतील. मामा म्हणतील की मग गिऱ्हाईक किलोचा भाव बघून दचकेल. दचकेल, पहिल्या महिन्यात. हे मी एका-दोघांना करताना पाहिलंय आणि ते टिकले.

'वनस्पतीजन्य' या शब्दापासून मात्र जपून राहा. फॅटी अल्कोहोल बहुतेक पाम कर्नल तेलातून येतं आणि त्यामागं इंडोनेशिया-मलेशियातल्या जंगलांचा प्रश्न आहे. डोक्याकडची इथिलीन ऑक्साइडची साखळी बहुतेक ठिकाणी पेट्रोलियमची असते. तिथं एक चांगली बातमी आहे, तीही आपल्या उसाची. उत्तराखंडात काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्स मळीच्या अल्कोहोलपासून इथिलीन ऑक्साइड बनवते. ज्या जिल्ह्यात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर महिनोन्महिने रस्त्यावर असतात, तिथल्या पोरीनं हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. तसा कच्चा माल मिळाला तर घे आणि कॅनवर जेवढं खरं आहे तेवढंच लिही. 'सहज विघटन होणारं' असं लिहायचं असेल तर पुरवठादाराकडून २८ दिवसांच्या चाचणीचा अहवाल माग. त्या मुदतीत ६० टक्के विघटन झालं तरच तो शब्द वापरायचा असतो.

सर्टिफिकेटबद्दल. मोठ्या कपडे-ब्रँडांनी २०११ मध्ये झेडडीएचसी (घातक रसायनांचा विसर्ग शून्यावर आणण्यासाठी) नावाचा गट केला, त्यांची निषिद्ध रसायनांची यादी आहे आणि मालाला तीन पातळ्या. पहिल्या पातळीला कागदपत्रं किंवा लॅब तपासणी लागते, तिसरीला कारखान्याची पाहणी होते. पहिल्या पातळीपासून सुरुवात कर. त्यासाठी रिॲक्टर लागत नाही आणि मधला माणूसही लागत नाही. ट्रायलसाठी आणि कापडाच्या तपासण्यांसाठी इचलकरंजीतच डीकेटीई हे टेक्स्टाइलचं कॉलेज आहे, तिथल्या प्राध्यापकांना भेट. उत्पादन बदलतंय, तेव्हा प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटमध्ये (परवानगीपत्रात) तशी नोंद करून घ्यायला विसरू नका.

हा माल बसला की पुढच्या वर्षी कॅटॅलेजकडे बघ. पेरॉक्साइडनं ब्लीच केल्यावर थोडं पेरॉक्साइड कापडात उरतं आणि रिॲक्टिव्ह रंग खातं, म्हणून गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुतात. कॅटॅलेज एनझाइम ते पेरॉक्साइड पंधरा-वीस मिनिटांत फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतं, एक-दोन धुणी वाचतात. हेही ब्लेंडिंगचंच काम आहे, तुमच्या शेडमध्ये होण्यासारखं. फक्त एनझाइमला उष्णता सोसत नाही, आपल्या एप्रिल-मेच्या पत्र्याखाली ते मरेल. थंड खोलीची सोय होईपर्यंत हात घालू नकोस.

खर्चाचं म्हणशील तर यातलं काहीच घर गहाण टाकण्याएवढं नाही. एक वेगळं भांडं, पंप, लॅब तपासण्या आणि चार-सहा महिन्यांची चिकाटी. जुना माल एका दिवसात बंद करा असं मी म्हणत नाही. देशी बाजाराच्या गिऱ्हाइकांनाही टप्प्याटप्प्यानं नव्यावर आणा, पण शेवटची तारीख ठरवा आणि ती ऑफिसच्या कॅलेंडरवर लिहा, मामांच्या अक्षरात. कारण वाडीचं पाणी एक्स्पोर्टचं आणि देशी असं वेगळं होत नाही.

राहिलं त्या दोन गिऱ्हाइकांचं. त्यांना थांबवून ठेवू नका, या आठवड्यातच लिहा. मी असं लिहिलं असतं:

'आमच्या सध्याच्या स्कोअरिंग एजंटमध्ये एनपी आहे, त्यामुळे आपण मागितलेलं पत्र त्या मालासाठी देता येत नाही. एनपी नसलेला नवा माल आम्ही तयार करत आहोत. पुढच्या महिन्यात आपल्या जिगरवर ट्रायल देऊ, आणि त्याच बॅचचा लॅब रिपोर्ट सोबत आणू.'

मामांनी एकदा वाचून त्यात काय बदलायचं ते बदलू दे, आणि खाली सही त्यांचीच असू दे.